शीट क्रमांक सतरा

मासेरूच्या कचेरीत बसून
आम्ही डोंगर सपाट करायचो.
दर दहा मीटरला एक तपकिरी रेघ,
दर पाचवी जाड.
रेघा दाटल्या की कडा,
विरळ झाल्या की कुणाचंतरी मक्याचं शेत.

पट्टी धरायला त्लाली होता, हा-रामाकोनेचा.
जूनच्या बर्फात, घोंगडी खांद्यावर पिनेनं अडकवून
सगळा पाणलोट त्यानं पट्टीच्या टोकानं टोचून काढला,
ओढा न् ओढा.
दुर्बिणीत तू उलटा दिसतोस, मोजणीदार म्हणाला.
त्लाली म्हणाला,
मग तुमच्या धरणात आभाळच साचायचं.

सतराव्या शीटवर
दोन हजार चाळीसची रेघ
वळणापाशी अडखळली होती.
चहूकडे उतार, आणि मधेच
एक अंगण वर आलेलं.
मी म्हणाले, हे चूक आहे.
साहेब म्हणाले, वहीत आहे तसं काढा.
काढलं.
सगळ्या निळ्यात
तिळाएवढं एक कोरडं बेट.

पाणी आलं. त्याला नकाशा वाचता येत नव्हता.

सव्वीस वर्षांनी गाळ मोजायला
त्याच पाण्यावर होडीतून गेलो.
वल्ह्यावर त्लाली, दात पडलेला.
यंत्राचा ठोका खाली जाऊन परत आला :
एक मीटर सत्तर.
पुरुषभर पाणी.
त्यानं वल्हं आत घेतलं.

"इथे मातुमेलोचा गोठा. चुलती माझी.
त्या दिवशी पट्टी मी जमिनीवर नव्हती ठेवली,
भिंतीवर ठेवली होती.
म्हटलं, कागदावर तरी कोरडी राहू दे म्हातारी."

मग यादी लागली.
जे बुडत नाही
त्याची भरपाई नाही.
बाकीच्यांना पत्रे मिळाले, मक्याची पोती,
नवी घरं रस्त्याकडेला.
हिला त्यानं घोड्यावर घालून नेलं
पाणी उंबऱ्याला लागल्यावर,
मांडीवर जातं घेऊन बसलेली.

"तुम्हाला कळलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

मी आकडा लिहून घेतला.
एक पूर्णांक सात.
वारा होता, कागद फडफडत होता,
तो त्यानं दोन बोटांनी दाबून धरला
माझं लिहून होईपर्यंत.

नव्या शीटवर तिथे निळंच आहे.
पेन्सिलीनं एक तीळ मात्र राहू दिलाय.
छापताना पुसला जाईल बहुतेक.
नाहीच गेला,
तर कुणी म्हणेल, शाई सांडली.