ठिपका

सर्जन जपतो तशी मी बोटं जपतो.
हिवाळ्यात यानिनाच्या तळ्यावरचं धुकं
विचारल्याशिवाय दुकानात शिरतं
आणि गारठलेल्या बोटाला नाणं कळत नाही.

पोलिक्सेनीबाई डोंगरातून सकाळच्या बसनं उतरल्या.
कोटाला लाकडाच्या धुराचा वास,
ॲस्पिरिनच्या बाटलीत कापूस, कापसात लिरा.
"विकायची नाही," बसायच्या आधीच म्हणाल्या.
"नातीच्या लेकीचा बाप्तिस्मा आहे रविवारी.
तू फक्त सांग, खरी की खोटी.
माझ्या हुंड्यासाठी बापानं इथूनच घेतली होती."

इथूनच. म्हणजे माझ्या वडिलांच्या हातून.

बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारली.
वाजलं. खणखणीत,
आणि आवाज बराच वेळ खाली बसायला तयार नव्हता.
तराजूवर सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
दोऱ्याला टांगून पाण्यात सोडलं,
पाण्यानं बावीस कॅरेटइतकंच उचललं, कणभर जास्त नाही.
कडेचे दाते नखाला मोजता यावेत असे.
बाई नाण्याकडे बघतच नव्हत्या.
त्या माझं तोंड तपासत होत्या.

मग भिंग.
राजाची दाढी ठीक. उलटवलं.
घोडा, घोड्यावर उघडाबंब संत,
टापांखाली पंखवाला सर्प अजून मरतोच आहे,
आणि घोड्याच्या पोटाखाली
खसखशीच्या दाण्याहून लहान ठिपका.

हा ठिपका माझ्या ओळखीचा.
१९०९ च्या नाण्यावर पाहिलाय, १९२५ च्या नाण्यावरही.
राजा बदलला, साल बदललं,
ठिपका जागचा हलला नाही.
खऱ्या टांकसाळीत चुकासुद्धा निरनिराळ्या होतात.
तीच चूक पुन्हा पुन्हा दिसली की समजावं
आई एकच आहे:
बैरूतमधलं एखादं तळघर, युद्धानंतरची वर्षं,
जेव्हा लिरेला आतल्या सोन्याहून जास्त भाव होता
आणि सोनं पुरतं घालूनही खोटेपणा परवडायचा.

ठिपका मला वडिलांनीच दाखवला होता.
त्यांना तो कधी दिसला, हे मी विचारलं नव्हतं.
आणि इथे, राजाच्या मानेच्या कापाशी,
सुईनं ओढलेली केसाएवढी रेघ.
त्यांची खूण: तपासलं आहे, निर्धास्त घ्या.

भिंग खाली ठेवलं. घसा साफ केला.
सोनं खरं आहे, म्हणालो.
वजन खरं. कस खरा.
फक्त जिचं नाव सांगते
त्या टांकसाळीत ही जन्मली नाही.

बाई गप्प.
मग खांदे हलायला लागले. वाटलं, रडतायत.
"अरे, मग हिचं नि माझ्या नवऱ्याचं चांगलं जमलं असतं!
यादवी संपली तेव्हा सीमेपलीकडून आला,
मेलेल्या कुणाचे तरी कागद खिशात घेऊन.
फोतिस म्हणून लग्न केलं, फोतिस म्हणून पुरला मी त्याला.
खरं नाव त्यानं मला एकदाच सांगितलं,
तेही दिवा विझल्यावर.
छप्पन्न वर्षं वाढलं त्याला जेवायला.
एक दिवस वजनात कमी भरला नाही."

लिरा पुन्हा कापसात, कापूस बाटलीत.
नातीला काय सांगणार, मी विचारलं.
"सोनं आहे म्हणून सांगीन.
बाकीचं ती विचारील तेव्हा."

तपासणीचे पैसे घेतले नाहीत.
त्या रागावल्या, काउंटरवर चार अक्रोड ठेवून गेल्या.

धुकं दुपारपर्यंत उठलं नाही, गिऱ्हाईकही नाही.
तिजोरीच्या खालच्या कप्प्यात तीन लिरा आहेत,
वडिलांनी मरताना माझ्या मुठीत दिलेल्या.
तिन्हींवर मानेपाशी ती रेघ.
एवढी वर्षं झाली, तिन्ही मी उलटवून पाहिलेल्या नाहीत.
आज भिंग पुसलं, कप्पा उघडला.
मग एक अक्रोड फोडला
आणि बोटं गार आहेत म्हणून
कप्पा पुन्हा लावून घेतला.