चुकलेल्यांचा पत्ता

एकच यंत्र, एकच पत्ता, आणि त्यावर दोनशे बारा नावं.
क्रांजमध्ये, बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याच्या तळघरात
मी त्यांची राखण करते:
दातांचा डॉक्टर, अकॉर्डियन दुरुस्त करणारी ब्रेडा,
एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन स्की-शाळा,
सावा नदीत मासे धरायचे परवाने.
शेजारी कोण राहतं, कुणालाच ठाऊक नाही.

हाक येते ती पत्त्यावर,
पण हाकेच्या पोटात नाव असतं.
सर्व्हर नाव वाचतो, फाइल शोधतो, दार उघडतो.
आणि नाव ओळखीचं नसलं तर?
तर तो अडत नाही.
यादीतलं पहिलं दार उघडून मोकळा होतो.
यादी अकारविल्हे.
आणि अकारविल्हे पहिला होता लोव्रेंत्स आझ्मान,
मधमाश्या पाळणारा, वय एक्क्याऐंशी.

सात वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नाही.
पैसे थकलेली खानावळ, जिची मी फाइल काढली
पण जिचं नाव अजून माझ्याकडेच बोट दाखवत होतं,
मोडलेल्या लग्नाचं आमंत्रण,
आणखी कुणाकुणाची उरलेली नावं,
सगळ्यांना शोधणारे आझ्मानच्या पोळ्यांच्या फोटोपाशी पोचायचे.
फोटोखाली फोन नंबर.

जानेवारीत एका स्की-शाळेच्या जुनाट प्लगिनमधून कुणीतरी शिरलं
आणि रात्रभर दोनशे बारा घरांना धाप लागली.
मी पदर खोचला.
प्रत्येक नावाला वेगळा वापरकर्ता, मोजून मेमरी,
कुणी कुणाच्या ताटातलं उचलायचं नाही.
आणि सगळ्यांच्या आधी, तीन शून्यांनी सुरू होणारी नवी फाइल:
असं इथे कुणी नाही.
सिंटॅक्स तपासला. ठीक.
एकही जोडणी न तोडता, हलक्या हातानं,
सर्व्हरला सगळं पुन्हा वाचायला लावलं
आणि झोपले.

मार्चमध्ये तो जिना उतरून आला. हातात बरणी.
"येरित्सा, माझा फोन बिघडलाय का बघ.
आता चुकून कुणी करत नाही."

कोण करायचं?

"एक बाई. दर शुक्रवारी, दोघांसाठी टेबल.
खानावळ बंद झाली म्हणून सांगितलं, तरी करायची.
एकाची दाढ ठणकत होती. मी लवंग धरायला सांगितली."

मी म्हटलं, ती चूक होती. मी सुधारली.

तो हिरव्या दिव्यांकडे बघत राहिला.
"आम्ही पोळ्यांच्या तोंडावर चित्रं रंगवतो,
माशीला आपलं दार कळावं म्हणून.
माझ्या आजोबांच्या एका फळीवर शिकाऱ्याची प्रेतयात्रा आहे,
खांद्याला अस्वल आणि ससे.
तरी काही चुकतातच.
दारावरची पहारेकरीण हुंगून बघते.
लुटायला आलेलीला हाकलते.
रस घेऊन आलेलीला आत घेते. मग ती तिथलीच."

एवढं बोलून त्यानं बरणी सर्व्हरवर ठेवली.
मी ती घाईघाईनं टेबलावर आणली.

असं मॉड्यूल कुठे तयार मिळत नाही.
म्हणून मी लिहिलं, सी भाषेत, एकसष्ट ओळी,
त्यातल्या नऊ दोनदा चुकल्या
आणि एकदा सगळं गाव पाच मिनिटं अंधारात गेलं
(ब्रेडानं फोन केला, बाकी कुणाला कळलंही नाही).
नाव सापडलं नाही की ते पुढे होतं. हुंगतं.
कड्या हलवत फिरणारा बॉट असला तर: असं इथे कुणी नाही.
माणूस वाटला तर आझ्मान.
दिवसाला चार, त्याहून जास्त नाहीत.
एक ते तीन कुणीच नाही, तेव्हा तो झोपतो.

काल लॉग चाळत होते.
शुक्रवार, सहा वाजून दहा मिनिटं,
बंद खानावळीचं नाव.
मग आझ्मानच्या पानावर एकच भेट,
पुढे कुठेही क्लिक नाही.

लिंडनचा मध आहे. बरणी अर्ध्यावर आली.