दोन्ही पाय टेकतील अशी

मुर्तोझात सायकल न येणारं माणूस
म्हणजे नावाड्याच्या घरात पोहता न येणारं पोर.
असतं. पण कुणी काढत नाही विषय.
तर देओलिंदा दुकानात आली बुधवारी,
दुपारी तीनला, गिऱ्हाईक नसतं तेव्हा,
आणि उंबऱ्यातूनच म्हणाली,
"भाचीसाठी बघायची आहे."

किती उंच आहे भाची?
"माझ्याएवढी."
वजन?
"माझ्याएवढंच धरा."
वय?
ती ट्यूबांच्या खोक्याकडं बघत राहिली.
"एकसष्ट," म्हणाली.
आम्ही दोघंही हसलो नाही.

चाळीस वर्षं पाहिलंय मी तिला
अल्बानोच्या मागं, कॅरिअरवर,
दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर डबा.
सार्डिनच्या कारखान्यात जाताना तिला खाडी दिसायची,
परतताना घरं.
समोर काय आहे ते अल्बानोला ठाऊक.
आता त्याचा कान बिघडलाय, तोल जातो,
बसल्या खुर्चीतही तो होडीत असतो म्हणे.

दुकानदाराची जीभ आधी महागाकडं वळते.
मी पुढं केली ती निळी, चकचकीत.
"गिअर किती?"
सात.
"गावात चढ किती?"
एकच, पुलाचा.
"मग बाकीचे सहा कुणाला?"

पातळ टायरची तिनं नुसती चिमटी घेतली
आणि सोडून दिली, बाजारात शिळी मासळी सोडावी तशी.
दांडीवरून पाय टाकायचा म्हटल्यावर
तिनं आधी स्कर्टकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
माझी नजर छताला.

शेवटी कोपऱ्यातली ओढली बाहेर,
जुनी, शिळ्या कॉफीच्या रंगाची,
मधली दांडी खाली वाकलेली,
गाडी उभी असताना सहज आत शिरावं अशी.
नियम असा की पेडल खाली गेलं की
पाय जवळजवळ सरळ व्हावा.
तो नियम मी पाना फिरवून खाली आणला,
चार बोटं, मग आणखी दोन,
तिचे दोन्ही तळवे फरशीवर पुरते टेकेपर्यंत.
उंच सीट न पडणाऱ्यांची.

तशीच बसून राहिली कितीतरी वेळ,
हँडल धरून, टायरांच्या गर्दीत,
दुसऱ्याचं तान्हं हातात दिल्यासारखी.

मागच्या गल्लीत मी पेडलंच काढून ठेवली.
म्हटलं, आधी नुसती चाल बदकासारखी.
चालली. मिठाच्या वखारीपर्यंत आणि परत.
पुन्हा. उत्तरेचा वारा सुटला होता, डोळ्यांत वाळू.
चौथ्या खेपेला तिचे पाय उचलले गेले
एका खिडकीपासून पुढच्या खिडकीपर्यंत.
वरून कुणीतरी चादर झटकत होतं,
त्या बाईलाही कळलं नाही काय झालं ते.

मी किमतीत दहा युरो सोडले,
तिनं वीस कमी दिले.
घंटी?
"मला आवाज आहे."
पुढं टोपली, हो. ब्रेक दोन्ही, हो, मऊ.
मग ती मागं गेली, वाकली, आणि म्हणाली,
"हे काढा."

कॅरिअर? अगं, असू दे, सामानाला लागतं.
"सामान पुढं. नजरेसमोर."
अल्बानो विचारेल.
"म्हणूनच."

चार बोल्ट. तीन मुकाट्यानं आले,
चौथा गंजलेला. तेल सोडून बसलो दहा मिनिटं,
ती उभीच, पर्स घट्ट धरून,
जणू शेवटच्या क्षणी मी तो परत घट्ट करीन.

खिळ्याला टांगलंय ते अजून. मागितलं नाही तिनं.
हवा भरायला येते, भाचीचा निरोप सांगते,
भाची म्हणे आता पुलापर्यंत जाते,
पुलावर उतरते, ढकलत नेते,
उतारावर मात्र बसते.

सकाळी दुकानासमोरून जाते तेव्हा
चाक अजून थोडं लिहीत जातं रस्त्यावर,
मान ताठ, नजर सरळ समोर.
मी शटर वर करतो, पाहतो,
हात हलवत नाही.
मग तिलाही एक हात सोडावा लागेल.