आग्रा रोडवरचा ळ

नकाशात हा रस्ता फूटपट्टीनं आखलेला.
कुण्या साहेबानं कागदाच्या एका कोपऱ्यावर दौत ठेवली,
दुसऱ्यावर हॅट,
आणि पांझरेच्या वळणाकडे न बघता रेघ ओढली,
असं अण्णा सांगायचे.
खरं-खोटं साहेबाला ठाऊक.
सरळ रेघ ओढणाऱ्या कुणाबद्दलही अण्णांना आदर होता.
ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे.

दगडी खांबांची बँक. त्या खांबांना टेकून
कापसाचे दलाल रुमालाखाली बोटं दाबत.
मीनाक्षी टॉकीज. तिच्या पायऱ्यांवर
मे महिन्यात भरदुपारी माणसं झोपत, तिकीट न काढता.
हाजी सत्तार मोमीन, साड्यांचे ठोक व्यापारी.
घड्याळवाले चिंधू शिंपी.
आणि तुळशीराम कासार, पितळी भांडी:
पिवळ्यावर लाल, लालला काळी सावली.

ळ ते सगळ्यात शेवटी काढायचे.
बाकीची अक्षरं उभी करून, बिडी संपवून,
मग दोन गरगरीत पोटं एका दमात,
कुंचला न उचलता.
खालून टांगे जात. शिडी मी धरलेली.
वर बघितलं की डोळ्यांत रंग पडायचा.

आणि हाच माणूस खाली उतरून विचारायचा,
"धुयानी गाडी गयी का रे?"
गूय. केया. घड्याय.
आख्ख्या रस्त्यावर सगळ्यात देखणा ळ ज्याचा,
त्याच्या जिभेवर तो कधी चढलाच नाही.
मी शाळेत छड्या खाऊन शिकलो.
पुढे नाशकात तीस वर्षं शिकवला, स्वच्छ, ठणठणीत.

परवा रिक्षावाला म्हणाला, टांगा स्टँडला सोडतो.
तिथं मोबाइलची दुकानं.
टांगा शेवटचा कधी पाहिला, त्यालाही आठवेना;
वय असेल बावीस.

रुंदीकरण चाललंय. नगरपालिकेची माणसं
फ्लेक्स ओरबाडून काढत होती.
एकाखाली दुसरा, दुसऱ्याखाली पत्रा,
पत्र्याखाली लाकडी फळी,
तिच्यावर उन्हानं खाल्लेला कासारांचा अर्धा बोर्ड,
आणि त्यात तो. दोन्ही पोटं शाबूत.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं.
"काय लिहिलंय हो बाबा?"

मी घसा साफ केला.
"पितयी," म्हणालो.