ज्याचा त्याचा इंच

माझगावात, दातांच्या दवाखान्यावरच्या पोटमाळ्यावर
ल्याव मास्तरांनी मला आधी सुई दिलीच नाही.
चार महिने नुसता अंगठा फिरवायला लावला
माणसांच्या मनगटांवर, पोटऱ्यांवर, कानांमागे.
म्हणायचे, पट्टी ठेव बाजूला.
ज्याचा अंगठा, त्याचा इंच.
हमालाचा वेगळा, त्याच्या लेकराचा वेगळा.
आणि जागा सापडली की बोट आपसूक थांबतं,
अंधारात जिना संपल्यावर पाऊल थांबतं तसं.

मग सुई. केसाएवढी.
आत गेली की वाट बघायची,
भाऊच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेली पोरं बघतात तशी.
खालून एक बारीक हिसका.
"लागला," मास्तर म्हणायचे.
मासा की माणूस, ते सांगायचे नाहीत.

मास्तर गेले. त्यांच्या कपाटाला अजून
जाळायच्या पाल्याचा वास येतो, दवण्यासारखा, जरा कडू.
टेबलावर मी हप्त्यांनी घेतलेलं लेझरचं यंत्र:
जाड पेन, त्याला शेपटी.
लाल ठिपका टेकवायचा, चाळीस सेकंद, टीं.
पेशंटला हिरवा चष्मा, मलाही.
समोरासमोर बसतो, दोन वेल्डर.

प्रमिला रेवंडकर, घोडपदेव, वय बासष्ट.
फॉल-बीडिंग, काजं, हुक, ब्लाउजचं अस्तर,
छत्तीस वर्षं.
उजव्या हाताची तीन बोटं बधिर.
मी म्हटलं, घाबरू नका मावशी, सुई नाहीच, नुसता उजेड.
"सुईला? मी?"
इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला.

ठिपका मनगटावर. टीं.
"गेला आत?"
गेला.
"कशावरून?"

उजेड ओढत नाही. उजेडाला काही लागत नाही.
माहितीपुस्तिकेत किती नॅनोमीटर, किती ज्यूल, सगळं आहे,
हिसक्याबद्दल एक ओळ नाही.

तिसऱ्या खेपेला अडूनच बसली,
"पैसे घेतेस ना? मग एक तरी टोच."
तेव्हा मी दोन्ही केलं.
अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात एक सुई,
बाकी पाच जागी उजेड.
मोजलं मात्र तिच्याच अंगठ्याने,
कात्रीच्या कडीने घट्टा पडलेल्या.
सुई थांबली. मी थांबले.
"लागली," ती म्हणाली हिरव्या काचेमागून.
मला वाटलं, जिन्यात मास्तर खोकले.
खालचा कंपाउंडर होता, भाड्याचं विचारायला आलेला.

नवव्या खेपेला माझ्या एप्रनचं बटण लोंबताना दिसलं तिला.
पिशवीतून रीळ काढलं.
ओवायलाच इतका वेळ लागला
की मी मुद्दाम खिडकीकडे बघत राहिले.
टाके वाकडे, तिच्या हाताला न शोभणारे.
चौथ्या टाक्याला सुई तर्जनीत घुसली.
थेंबभर रक्त, यंत्राच्या ठिपक्याहून गडद.
बोट तोंडात घातलं नाही तिने. बघत राहिली.
"दुखलं गं," म्हणाली,
भिशी लागल्यासारखी.

उजेडाने, सुईने,
की रात्री बांधायला दिलेल्या सातशे रुपयांच्या पट्ट्याने,
मला सांगता येणार नाही.
वहीत एक रकाना असतो: दुखणं, दहापैकी किती.
मी लिहिलं,
आहे.