दार आत उघडतं

खोक्यावर लिहिलंय: वय वर्षे आठ आणि पुढे.
मी एकाहत्तर. म्हणजे बसते.

मार्लिसने नाताळात पाठवलं,
हात गुंतलेले राहतील, म्हणाली.
प्लायवूडच्या पातळ फळ्या, नंबर घातलेले तुकडे,
आणि खिडक्या म्हणून
प्लास्टिकच्या कागदावर छापलेल्या पांढऱ्या रेघा.
दार तर नुसतं रंगवलेलं.
कडी रंगवलेली, बिजागरी रंगवलेली,
जन्मभर बंदच राहायचं असं ठरवून आलेलं.

असल्या घरात कोण राहील?

मी मिलवॉकीच्या दुकानातून मागवली
उघडणारी दारं, उघडणाऱ्या खिडक्या.
वर सरकणारी झडप, नखाएवढी तावदानं,
पितळी बिजागऱ्या, आणि त्यांचे खिळे इतके बारीक
की एकदा शिंकले आणि तीन गेले.
किंमत मार्लिसला सांगितलेली नाही.

चौकटी आल्या त्या जाड भिंतींसाठी घडवलेल्या,
माझी भिंत बिस्किटाहून पातळ.
आतून पट्ट्या चिकटवल्या, जाडी वाढवली,
रात्रभर कपड्यांच्या चिमट्यांत धरून ठेवली.
सकाळी स्वयंपाकघरात डिंकाचा वास
आणि बाहेर, हॅनकॉकमध्ये नेहमीचंच,
पोस्टाची पेटी बर्फात गडप.

पुस्तिकेत दाखवलंय, दार बाहेर उघडावं.
बिजागऱ्या काढून मी ते आत उघडतं केलं.

आमचं दार बाहेर उघडायचं.
वडिलांनीच बसवलेलं. स्वयंपाकघर अरुंद,
आत उघडलं तर चुलीवर आपटेल, हा त्यांचा हिशेब.
हिशेब बरोबर होता, नोव्हेंबरपर्यंत.
फेब्रुवारीतल्या एका रात्री बर्फ कडीच्या वर चढला.
वडील तांब्याच्या खाणीत, रात्रपाळीला.
माडीवर आई अडलेली.
आणि सुईण, हिल्मा कांगास,
तीन घरं ओलांडून आली ती दाराबाहेर उभी.
बाहेरून ती हातमोज्यांनी उकरतेय,
आतून दहा वर्षांचा वेइक्को खांदा लावतोय,
दार बोटभरही हलेना.

मग ती बर्फाच्या ढिगावर चढली,
ढिगावरून सौनाच्या छपरावर,
छपरावरून माडीच्या खिडकीशी.
आधी पिशवी दिली आत.
मग डोकं आलं. मग खांदे.
मग कमरेशी सुईणच अडली.
आई म्हणे कळा विसरून हसली,
आणि हसतानाच पुन्हा ओरडली.
वेइक्कोने भिंतीला पाय लावून
दोन्ही हात धरून ओढलं.
मरेपर्यंत सांगायचा तो, सगळ्या लग्नांत, सगळ्या मर्तिकांत:
त्या रात्री पहिलं बाळंतपण मी केलं.
दुसरं माझं. म्हणजे मी.

आई पहाटे मोकळी झाली.
दार दुपारी.

म्हणून माडीची खिडकी मी दोनदा मोजली.
फुटाला इंच, असं या घराचं प्रमाण.
फळीतलं भोक दोन इंच.
हिल्मा कांगास दोन इंचांत मावत नाही.
पातं घेऊन कडेने पाव इंच कोरलं,
कानस फिरवली, थांबले,
तिचा तो लोकरी कोट आठवला (फोटोत पाहिलेला),
आणखी पाव इंच.
बाहेरच्या भिंतीवरची नक्षी त्यात गेली. जाऊ दे.

खाचेत मेणबत्ती घासली.
आता करंगळीने झडप वर जाते,
सोडली की खाली येऊन टिक्‌ करते.
दिवसातून किती वेळा करते ते विचारू नका.

फोनवर नातीने विचारलं, कोण राहणार त्यात?
अजून कोणी नाही, म्हटलं. पण येता येईल.

खालच्या दाराला रंग द्यायचा राहिलाय.
आमचं कुठल्या रंगाचं होतं,
वेइक्कोला विचारून ठेवायला हवं होतं.