आतून कडी

तीन आठवडे आम्ही दोघी बहिणी
फोनवर खोल्या शोधत होतो, पेझेनासमधल्या.
दोन रात्रींचा प्रश्न. आई एक्याऐंशीची,
तेव्हा जिना नको, एवढं एकमताने ठरलं.
बाकी सगळ्यावर भांडण.

आंपारोला नदीकाठचं हॉटेल हवं होतं,
न्याहारी धरून एकशे दहा.
मला चौकातलं, लोखंडी सज्जाचं,
जिथून बाजार दिसेल.
बाजाराचे ट्रक पहाटे चारला येतात, ती म्हणाली.
नदीला डास असतात, मी म्हणाले.

मग तिला ते सापडलं.
गावाबाहेर चार किलोमीटर, द्राक्षमळ्यात,
निळा तलाव, भोवती लव्हेंडर,
आणि मजुरांची जुनी कोठी, आता चार आलिशान खोल्या.
रात्रीचे दोनशे चाळीस.
दगडी भिंत मुद्दाम तशीच ठेवलेली,
भिंतीतले खिळेसुद्धा.
त्यांवर पांढरे टॉवेल.

आईने चष्मा कपाळावर सारला, फोन नाकाशी धरला.
डावीकडून तिसरा, म्हणाली, माझा.
त्याला चण्यांची पिशवी टांगायचे. उंदीर फार.

चौसष्ट ते एकाहत्तर, दर सप्टेंबरात.
हाएनहून आगगाडी, सरहद्दीवर गाडी बदलायची,
तिथे एक डॉक्टर तळहात उलटेपालटे करून बघायचा.
दिवसाला पुरुषांना दोन लिटर वाईन, बायांना एक,
हे मजुरीतच धरलेलं.
तीन हंगामांत शिलाई मशीन झालं,
पुढच्या दोनांत फ्रीज,
आणि त्याच हिशेबात पुढे कुठेतरी आम्ही दोघी.

आई, तिथेच राहूया, आंपारो म्हणाली,
पैशांचं मी बघते.
राणीसारखी झोप, त्याच जागी.
मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू.
एखाद्या गोष्टीचा शेवट
आपल्या हातून गोड होतोय, असं वाटलं होतं.

आई शेंगा मोडत होती.
दाराला आतून कडी आहे का?

आंपारो हसली. कार्ड असतं हल्ली, आई,
टेकवलं की हिरवा दिवा लागतो.
कुणाकडे असतं ते?
आपल्याकडे.
आणखी?
आणखी... त्यांच्याकडे. साफसफाईला वगैरे.
शेंग मोडल्याचा आवाज.
आणखी एक शेंग.

बायांच्या बाजूला तेव्हा गोणपाटाचा पडदा होता.
हे ती त्या दिवशी बोलली नाही.
एकदाच बोलली होती, माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी,
आणि लगेच विचारलं होतं,
बदाम सोलून झाले का.

नदीकाठी फोन केला. कार्ड.
चौकात केला. आकड्यांचं कुलूप,
आकडे मेसेजवर येतील, बाई, काळजी नको.
शेवटी मादाम फाब्रेग,
खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानावर दोन खोल्या,
न्याहारी नाही, फोटो नाहीत, पायऱ्या तेवीस.
माझ्या मोडक्या फ्रेंचमधला प्रश्न ऐकून
ती पलीकडे जरा थांबली.
वय किती, विचारलं. इथे कधी आल्या होत्या, विचारलं.
मग म्हणाली,
कडी आहे. जाड आहे. मीच बसवलेली.

तेवीस पायऱ्यांत आई दोनदा टेकली.
वर गेल्यावर खिडकी उघडली नाही,
गादी दाबून पाहिली नाही,
आम्हाला बाहेर काढलं
आणि कडी लावली.
काढली.
लावली.
आम्ही जिन्यात, पिशव्या धरून, भिंतीला पाठ लावून.
पायऱ्या मोजल्याच नव्हत्यास ना तू, आंपारो कुजबुजली.
मोजल्या होत्या, मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला:
खालचं दुकान उघडं आहे का बघा गं.
विचारा तिला,
असली एक केवढ्याला पडेल.